नाखवाकाकांचे अठरा युनिट

नाखवाकाकांशी ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तोच त्यांनी शर्ट वर करून आपलं पोट माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, "टोच."

माझ्या हातात काचेची सिरिंज होती. ती त्यांनीच भरून दिली होती. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या आतल्या खोलीत मी, माझी दहा वर्षांची बहीण सुजाता आणि आमचे बाबा असे तिघे उभे होतो. सुजाताला डायबेटिस आहे हे आम्हाला चार दिवसांपूर्वी कळलं होतं. रोज दोन वेळा तिला इन्सुलिन टोचावं लागणार होतं, आणि ते कोणी टोचायचं हे घरात ठरत नव्हतं. आई सुई बघूनच खाली बसायची. बाबा आंबिवलीच्या एका कारखान्यात हेल्पर होते. त्यांच्या बोटांना एवढी बारीक वस्तू धरायची सवय नव्हती. राहिलो मी. मी नुकताच कल्याणच्या कॉलेजात एफ.वाय.बी.एस्सी.ला गेलो होतो. आमच्या घरातला कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी, म्हणून सुई माझ्याकडे आली.

"तुम्हाला कसं टोचणार?" मी विचारलं.

"म्हंजे? माझाच डोस हाय. अठरा युनिट. सकालपास्नं थांबलोय तुझ्यासाठी. तू टोचला नाय तं मना नाश्ता नाय. त्यो बघ डबा, सुकं बोंबील हायेत. टोच रं, मी काय फुगा हाय फुटाला?"

मी डोळे घट्ट मिटले.

"डोले उघड! पोट हाय माझा, नवसाची कोंबडी नाय."

सुजाता खुदकन हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. मी टोचलं. नाखवाकाकांनी डोळा मारला, शर्ट खाली केला आणि डबा उघडून खायला बसले. "हात हलका हाय पोराचा," बोंबील चावत ते बाबांना म्हणाले, "मागच्या आठवड्यात एक वकीलबाय आलेली. उलटतपासनी घेतात तशी सुई घातलीन."

दामोदर नाखवा त्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तेव्हा पस्तिशीचे असतील. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहायचे. काळे, सडपातळ, केसांना भरपूर तेल, खिशाला नेहमी दोन पेनं आणि एक खडीसाखरेची पुडी. नवव्या वर्षापासून त्यांना हाच डायबेटिस होता. दवाखान्यात नवीन मूल आलं, की त्याच्या आईनं किंवा बापानं पहिलं इंजेक्शन नाखवाकाकांना द्यायचं, ही पद्धत त्यांनी स्वतःच पाडली होती. डॉक्टरीणबाई रागवायच्या. "दामोदर, नाश्त्याची वेळ चुकवू नकोस, एखाद्या दिवशी अंगाशी येईल." ते मान खाली घालून "हां बाय" म्हणायचे आणि पुढच्या नव्या आईसाठी पुन्हा उपाशी थांबायचे. त्यांचं म्हणणं असं, की मोसंब्यावर शिकलेला माणूस मोसंब्यालाच टोचू शकतो. पोराला टोचायचं, तर आधी ओरडू शकणाऱ्या माणसाला टोचलं पाहिजे. "आनि मी वरडत नाय. मंग आयांना धीर येतो. अर्ध्या ठान्यानं मना टोचलाय."

आडनाव नाखवा, म्हणजे होडीचा मालक. पण ते होडीवर गेलेच नाहीत. वडिलांनी जाऊ दिलं नाही. खाडीच्या तोंडाशी जाळं ओढताना साखर उतरून पोरगा पाण्यात पडला तर काय करायचं, ही त्यांना भीती. त्यामुळे भाऊ होडीवर गेले आणि हे दवाखान्यात आले. "त्यांनी म्हावरा धरला, मी पान्यात सिरिंजी उकलल्या," असं ते सांगायचे, आणि यात त्यांना काहीच वाईट वाटलेलं दिसायचं नाही.

इन्सुलिनची बाटली कुठे ठेवायची हे आम्हाला शिकवताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे फ्रीज नव्हता. ते म्हणाले, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवा, बर्फात ठेवू नका. त्यांच्या आईनं ती चूक केली होती. कोळणीला थंडीचं एकच गणित ठाऊक: बर्फ जास्त, म्हणजे माल ताजा. तिनं नवीकोरी बाटली पापलेटांच्या बरोबर बर्फात दाबून ठेवली, वर मूठभर मीठही टाकलं. बाटली गोठली. पुन्हा वितळली तेव्हा बघायला तशीच होती, पण आतलं औषध मेलेलं. "आठ दिवस मी रोज टोचून घेतला आनि रोज साखर चढली. आय म्हनाली, डागदर खोटा. मंग डागदरनं बाटली हुंगली आनि म्हनाला, बाय, याला पापलेटाचा वास कसा?"

*

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत आईही आली होती. ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून सारखं एकच म्हणत होती, की मीच पोरीला चहात गूळ जास्त घालायचे. नाखवाकाका डबा घेऊन तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. पण तिला काही समजावण्याऐवजी त्यांनी मला विचारलं, "काय रं कॉलेज, तुमच्या विठ्ठलवाडीत काय नवीन?" ते मला कॉलेज याच नावानं हाक मारायचे.

त्या आठवड्यात आमच्याकडे सांगण्यासारखं एकच होतं. आमच्या भागात चोरांच्या टोळीची आवई उठली होती. चाळीतल्या पुरुषांनी काठ्या आणि शिट्ट्या घेऊन गस्त सुरू केली होती. चोर काही आला नाही. मात्र परवा पहाटे पाचला आमचा दूधवाला भैया गल्लीत शिरला. सायकलला नेहमीच्याच चरव्या. आठ वर्षं तो रोज त्याच वेळी यायचा. पण अर्धवट उजेडात त्या चरव्या कुणाला तरी भलत्याच वाटल्या, एकानं शिट्टी फुंकली आणि सगळ्यांनी मिळून त्याला झोडपलं. दुसऱ्या दिवसापासून तो तर नाहीच, त्याचे भाऊबंद असलेले इतर दूधवालेही आले नाहीत. चार चाळी काळा चहा पीत होत्या.

नाखवाकाकांच्या हातातला घास तसाच राहिला. "हाच!" ते म्हणाले. "वयनी, हाच झालाय पोरीच्या पोटात!"

मग त्यांनी आईला सांगितलं. पोटाच्या मागे एक पिंड असतं, स्वादुपिंड. त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे बारीक बारीक पुंजके असतात. ते आपले दूधवाले. आणि अंगात फिरणाऱ्या, जंतूंना मारणाऱ्या ज्या पेशी असतात, ती आपली गस्त. गस्त वाईट नाही, तीच रोज आपल्याला वाचवते. पण एक दिवस तिला स्वतःचाच दूधवाला चोर वाटतो. मग ती त्याला घेरते आणि मारते. सगळे एका दिवशी मरत नाहीत, कधी कधी वर्षं लागतात. पण पुरवठा तुटला, की मग पोराला तहान लागायला लागते, पोर वाळायला लागतं.

"यात गूल कुठं आला? सांगा बघू वयनी. दूधवाल्यानं मार खाल्ला, तो तुम्ही चहात गूल घातला म्हनून काय?"

आईनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली. बाबा मात्र अवघडले होते. जरा वेळानं ते खाकरून म्हणाले, "मीपण होतो त्या गस्तीत. पण मी हात नाही लावला हां. मी फक्त शिट्टी वाजवली."

"शिट्टीवाल्यापास्नंच सुरू होतो सगला," नाखवाकाका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, आणि मग ते दोघंही हसले.

मी माझी शंका विचारली. गस्तीला हे असं वाटतंच का? आवई उठवली कोणी?

"म्हाईत नाय."

"म्हणजे डॉक्टरीणबाईंना माहीत असेल?"

"तिला पन म्हाईत नाय. कोन म्हनतो सर्दीतापाचा जंतू, कोन म्हनतो रक्तातच असतो. म्हाईत नाय तं म्हाईत नाय म्हनावा, त्यात काय लाजायचा?"

मला तेव्हा ते उत्तर पटलं नव्हतं. मी कॉलेजात नवीन होतो. तिथे प्रत्येक प्रश्नाला चार मार्कांचं उत्तर असायचं.

*

पुढचे दोन महिने आमच्या घरात परीक्षानळीचं राज्य होतं. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून नळी स्टोव्हवर तापवायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत गेला तर साखर वाढलेली. विटकरी झाला तर सरळ नौपाडा. आमच्या घरात निळा रंग तसाही घरचाच, त्यामुळे सकाळी नळी निळी निघाली की बाबा ती उजेडात धरून म्हणायचे, "बघा, आपला आहे!"

आणि नळी निळीच निघू लागली. इतकी, की इन्सुलिननं सुजाताला घाम फुटायला लागला, हातपाय कापायला लागले. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला. विसाचे बारा झाले, बाराचे सहा. शेवटी दिवसाला फक्त दोन युनिट. "दोन चालू ठेवा," बाईंनी बजावलं. "बंद करायचं नाही." नाखवाकाकांनीही दारापर्यंत येऊन सांगितलं, "थेंब असला तरी रोज टोचाचा, कॉलेज."

पण दोन युनिट म्हणजे सिरिंजमध्ये दिसतसुद्धा नाही. चाळीत सगळे म्हणायला लागले, पोरगी बरी झाली. शेजारच्या इंदूमावशी जांभळाच्या बियांची पूड देत होत्या, त्या यश आपल्याकडे घेऊ लागल्या. एका रविवारी जेवताना बाबांनी मला विचारलं, "तू सायन्सला आहेस. तू सांग. एवढंसं टोचून पोरीला रडवायचं, ते कशाला?"

त्या प्रश्नाचं काय वजन होतं, ते मला आज कळतं. बाबांनी तोपर्यंत मला कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी सांगायचं आणि मी ऐकायचं. आता ते ताटावर हात थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि आईही बघत होती. मी आदल्याच आठवड्यात कॉलेजच्या लायब्ररीत बसून एका जाड इंग्रजी पुस्तकातलं एक पान शब्दकोश घेऊन वाचलं होतं, वहीत उतरवलंही होतं. त्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं, की उपचार सुरू झाल्यावर काही मुलांची इन्सुलिनची गरज खूप कमी होते, कधी कधी अजिबात उरत नाही. तेवढ्यात लायब्ररी बंद व्हायची घंटा झाली होती.

"पुस्तकात तसं आहे," मी म्हणालो. "गरज उरत नाही."

बाबांनी समाधानानं पुढचा घास घेतला. त्या दिवसापासून सुजाताचं इन्सुलिन बंद झालं. दोन दिवसांनी दवाखान्यात जायचं होतं, ते आम्ही टाळलं.

आठ दिवस निळं. नवव्या दिवशी हिरवट. बाबा म्हणाले, पेरू खाल्ला असेल. मग सुजाताला साधी सर्दी झाली, ताप आला, आणि तीन दिवसांत नळी पिवळी, नारिंगी करत विटकरीवर गेली. सकाळी ती उलट्या करत होती आणि धावून आल्यासारखा श्वास घेत होती. मी तिला उचलून ठाण्याला नेलं. नाखवाकाकांनी दारातच तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. माझ्या हातातून त्यांनी तिला घेतलं आणि जिना उतरून रिक्षा थांबवायला धावले.

हॉस्पिटलात ती तीन दिवस होती. दुसऱ्या दिवशी दुपारी धोका टळला असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो, बाजूला बाबा. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. नाखवाकाका आले आणि आमच्यामध्ये बसले. मला वाटलं, आता ते मला बोलणार. तेवढं त्यांनी करावं अशी माझी इच्छा होती.

"काय वाचला होता तू?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून वही काढून ते पान दाखवलं. त्यांना इंग्रजी फार येत नव्हतं, तरी त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून पाहिलं.

"आनि याच्या फुडं?"

"घंटा झालेली, काका."

"मंग जा. फुडचा पान लिवून आन."

मी कल्याणला गेलो, पान उतरवलं, संध्याकाळी परत आलो. नाखवाकाका तिथेच होते. "मोठ्यानं वाच. मराठीत. बाबांना पन कलू दे." मी वाचलं. अडखळत, शब्द शोधत. ही सुधारणा तात्पुरती असते. टोचलेल्या इन्सुलिनमुळे उरलेल्या पेशींना विश्रांती मिळते, म्हणून त्या काही काळ पुन्हा काम करतात. पण त्यांच्यावरचा हल्ला आतून चालूच असतो. इन्सुलिन कधीही बंद करू नये.

"भायेरचा दूध यायला लागला, म्हनून लपलेले दोन-चार दूधवाले परत आले," नाखवाकाका म्हणाले. "पन गस्त उठली का?"

"नाही," बाबांनी उत्तर दिलं. मला नाही, जमिनीला.

"नाय उठली. माझ्या बापानं पन हाच केला. माझा डोस उतरला तं त्यानं बोकड कापला, सगला कोलीवाडा जेवला. मी पंधराव्या दिवशी हॉस्पिटलात. त्या बोकडाची मी अजून माफी मागतो." ते बाबांकडे वळले. "दादा, पोरगा वाचतो यात चूक नाय. अर्धा वाचला, ती चूक. याला विचाराचा सोडू नका."

बाबांनी सोडलं नाही. पुढे रेशनकार्डाचा फॉर्म असो की कारखान्याची नोटीस, ते माझ्याकडेच यायचे. फक्त मी तोंड उघडण्याआधी विचारायचे, "पुढचं पान वाचलंस का?" चाळीतही ते इतकं रुळलं, की इंदूमावशी आणि शेजारणी भाजी निवडतानासुद्धा एकमेकींना हेच विचारताना मी ऐकलं आहे.

*

नाखवाकाका गेले त्याला आता वर्ष होईल. शेवटी मूत्रपिंडं थकली होती. त्याआधी डोळे गेले. दवाखाना सुटला तरी गप्पा सुटल्या नाहीत. कुणी जडीबुटीचा उतारा सांगितला, की शांतपणे विचारायचे, "गस्त उठते का त्यानं?" सिरिंजवरच्या रेघा दिसेनाशा झाल्यावर रविवारी सकाळी सुजाता कोळीवाड्यात जाऊन त्यांचा डोस भरायची. बाकीचे दिवस त्यांची पुतणी. सुजाता पंधरा वर्षांची झाली होती आणि स्वतःचं इंजेक्शन स्वतःच बडबडत घ्यायची.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीत मीही तिच्याबरोबर गेलो. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. आमच्या सरांकडे जुन्या स्लाइड्सची एक लाकडी पेटी होती. त्यातल्या एका स्लाइडवर डायबेटिस नुकताच झालेल्या एका मुलाचं स्वादुपिंड होतं. मूल वाचलं नव्हतं. नाव नव्हतं, नुसता नंबर. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मध्ये फिकट गुलाबी बेटासारखा एक पुंजका, आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी गर्द जांभळे ठिपके दाटून आलेले. काही आत शिरलेले. मला आमची गल्ली दिसली. पहाटेची.

नाखवाकाका खाटेवर बसून ऐकत होते. सुजाता खिडकीशी उभी राहून बाटली दोन्ही तळव्यांत घोळवत होती.

"म्हंजे गस्त डोल्यांनी बघितलीस तू," ते म्हणाले. "नशीबवान हायेस. मी तीस वर्सं नुसता सांगत आलो." मग, "आनि दूधवाला? एखादा तरी दिसला काय?"

"दिसले. दोन-तीन. एका कडेला."

"मार खाऊन पन कामावर?"

"हो."

त्यांना ते फार आवडलं. बराच वेळ ते स्वतःशीच मान हलवत राहिले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "माझ्यात पन असंल काय रं एखादा? इतक्या वर्सांनी?"

पुस्तकं म्हणत होती, नाही. इतक्या वर्षांनी कुणी उरत नाही. सुजातानं बाटली घोळवायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. हो म्हण, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि समोर तो माणूस होता, तोंड माझ्या दिशेनं, पण जरासं बाजूला, कारण मी नेमका कुठे बसलोय ते त्याला दिसत नव्हतं. असाच एक प्रश्न मला पूर्वी एकदा ताटावर विचारला गेला होता. त्याचं उत्तर मी ताबडतोब दिलं होतं.

"माहीत नाही, काका," मी म्हणालो. "मी एकाच मुलाची स्लाइड पाहिलीय. तुमच्यासारख्याची कुणी नीट पाहिलीय की नाही, तेही मला माहीत नाही."

नाखवाकाकांनी मांडीवर अशी थाप मारली, की खाट करकरली. "शिकला! बाय, तुझा भाऊ शिकला! पाच वर्सं कॉलेजात काढली, आज शिकला!"

"झालं असेल तर पोट इकडे करा," सुजाता सिरिंज उजेडात धरत म्हणाली. "अठरा भरलेत. दादा, तू पण बघ."

मी बघितलं. अठराच होते. तरी पुन्हा एकदा बघितलं.

"टोच," नाखवाकाका म्हणाले. "बोंबील गार होतायत."